लाइन कोणी तोडली

आत्याच्या डोक्यात काही फरक पडलाय का, हे बघायला मला आठ दिवस तिच्याकडे पाठवण्यात आलं. पाठवलं माझ्या दादाने. दादा म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्त फक्त शाळेतून, आमच्या डोक्यावरून नाही. माझी पन्नाशी उलटली, दातांच्या दवाखान्यात बसून मी लोकांच्या कवळ्या बनवते, शहरातली निम्मी म्हातारी माणसं माझ्या जिवावर चावतात, तरी दादाच्या लेखी मी अजून चौथीतच आहे.

दादाचं म्हणणं असं की आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची, एकटी राहते आणि फोनवर चोरांशी गप्पा मारते. तुमचं कर्ज मंजूर झालंय, तुमचा कर थकलाय, आज भरला नाही तर पोलीस येतील, असले फोन हल्ली सगळ्यांनाच येतात. शहाणा माणूस शिवी हासडून फोन ठेवतो. आत्या अर्धा अर्धा तास बोलते. दादाने एकदा तिला तीनदा फोन लावला, तिन्ही वेळा एंगेज. चौथ्यांदा लागला तेव्हा त्याने विचारलं, कुणाशी बोलत होतीस? तर म्हणाली, "कर्जवालीशी. बिचारीला सर्दी झालीये."

झालं. दादाचा निकाल तयार होता, फक्त माझी सही हवी होती. मी आठ दिवस राहून "हो, फरक पडलाय" म्हटलं की आत्याचा फोन काढून टाकायचा, तिच्या दोन खोल्यांना कुलूप घालायचं आणि तिला दादाच्या घरी मागच्या खोलीत आणून ठेवायचं. वहिनीने त्या खोलीला पडदेसुद्धा लावून टाकले होते. वहिनी वाईट नाही. पण त्या खोलीला खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीकडे उघडणारी, आणि तिथे फोन नव्हता.

आत्याकडे पोचले तेव्हा ती स्टुलावर उभी राहून बल्ब पुसत होती. "आलीस का ठमे," म्हणाली. "मला तपासायला पाठवलंय ना तुला? पिशवी तिथे ठेव आणि हे फडकं धर."

मी फडकं धरलं.

आत्याच्या बाहेरच्या खोलीत एक टेबल आहे, टेबलावर जुना काळा फोन, त्याच्या उजवीकडे टोक केलेल्या दोन पेन्सिली आणि डावीकडे एक लांबुळकी वही. खुर्ची अशी ठेवलेली की बसलं की फोन बरोबर डाव्या कानाशी येतो. बाकी खोली इतकी नीटनेटकी की मला आपण चपला घालून देवघरात आल्यासारखं वाटतं. तेहतीस वर्षं ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. त्या काळी परगावी बोलायचं तर नुसता नंबर फिरवून भागत नसे. एक्स्चेंजला सांगायचं, मग आत्या किंवा तिच्यासारखी कुणीतरी समोरच्या बोर्डाच्या भोकात वायर खोचून जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मध्ये येऊन विचारायची, "तीन मिनिटं झाली, वाढवायची का?" आणि एक नियम त्यांच्या अंगात भिनलेला होता. माणूस बोलत असताना वायर ओढायची नाही. त्याने फोन ठेवला, बोर्डावरचा दिवा लागला, की मगच.

हा नियम तिने घरीही पाळला. आत्या कधीच आधी फोन ठेवत नाही. लहानपणी मी आणि दादा मुद्दाम बोलणं संपवून रिसीव्हर कानाला धरून बसायचो, बघू कधी ठेवते. पाच पाच मिनिटं नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. शेवटी बाबा येऊन आमच्या हातातून फोन घ्यायचे आणि म्हणायचे, "अगं, ठेवतोय मी. जेव आता."

पहिल्या दिवशी दहा वीसला फोन वाजला. आत्याने केस सारखे केले, पेन्सिल उचलली, खुर्चीवर ताठ बसली आणि रिसीव्हर थोडा तिरका धरला, म्हणजे मलाही ऐकू यावं.

"हं, बोला."

"नमस्कार मॅडम," एक मुलगी नाकातून बोलत होती. "तुमच्या मिस्टरांच्या नावाने दोन लाखांचं कर्ज मंजूर झालंय, आज शेवटचा दिवस आहे."

"काल पण शेवटचाच होता ना गं?"

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "मॅडम, मुदत वाढवली आहे. फक्त फॉर्मची फी भरायची आहे. मिस्टर आहेत का घरात?"

"ते दुकानात बसलेत. कुणाचं तरी गजराचं घड्याळ उघडलंय, आता संध्याकाळशिवाय मान वर करायचे नाहीत. तू वाफ घेतलीस का?"

मी गार पडले. आमच्या आत्याने लग्न केलेलं नाही. तिला मिस्टर नाहीत, कधीच नव्हते, आणि दुकान तर नव्हतंच नव्हतं. सव्वीस मिनिटं हे चाललं. शेवटी मुलगीच कंटाळून म्हणाली, मॅडम मी उद्या करते. तिने फोन ठेवेपर्यंत आत्याने वाट पाहिली आणि मग ती वहीत लिहायला लागली.

"आत्या," मी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "कोण मिस्टर?"

"घड्याळजी," ती म्हणाली आणि पेन्सिलीला टोक करायला उठली.

खरं सांगते, त्या क्षणी मला रडू आलं. दादा बरोबर होता तर. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि मोबाइल हातात घेऊन त्याला लावणारही होते. पण मला खोड आहे. एखादी कवळी बसत नसली तर ती फेकण्याआधी कुठे टोचतेय ते बघितल्याशिवाय मला राहवत नाही. म्हटलं, आधी वही तर बघू.

वहीत रकाने आखलेले होते. वार, वेळ, कोण, काय म्हणाले, मागे काय ऐकू आलं, किती मिनिटं, आणि शेवटचा रकाना, लाइन कोणी तोडली. तीन आठवड्यांची पानं भरली होती. माणसं तीनच होती. एक कर्जवाली. एक करसाहेब, घोगऱ्या आवाजाचा. तिसरा घाईवाला, याला प्रत्येक वाक्यानंतर धाप लागायची. मागे काय ऐकू आलं या रकान्यात लिहिलं होतं: पंखा, तिसऱ्या फेरीला कुरकुरतो. खुर्चीचं चाक. पाऊण वाजता शाळेची घंटा. कपात चमचा. करसाहेब कर्जवालीला ओरडला, मोठ्याने वाच म्हणाला. शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच शब्द, पलीकडून, पलीकडून, पलीकडून.

वेड लागलेलं माणूस असे रकाने आखत नाही, एवढं मला कळत होतं. पण मग घड्याळजी?

दोन दिवस मी चोरासारखी तिच्यावर नजर ठेवली. सकाळी ती बोलायची. दुपारी जेवण झाल्यावर तीच फोन फिरवायची, एकामागून एक, भलत्याच लोकांना. "तुम्ही मला ओळखत नाही. तुम्हाला कराच्या ऑफिसातून म्हणून फोन येईल, तो खोटा आहे. काही देऊ नका, काही सांगू नका." बस, एवढंच. मग पुढचा नंबर. समोर एक जाडसर पुस्तक उघडं असायचं, पिवळं पडलेलं, बांधणी सुटलेली. तिसऱ्या दिवशी माझ्याने राहवेना. मी सरळ तिच्यासमोर जाऊन बसले आणि म्हटलं, "आत्या, हे काय चाललंय ते मला नीट सांग, नाहीतर मी दादाला काय सांगू?"

"विचारलंस एकदाचं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुलाही माझ्या डोक्याचीच भीती वाटतेय."

पुस्तक म्हणजे शहराची टेलिफोन डिरेक्टरी होती. शेवटची छापलेली. त्यानंतर नवी निघालीच नाही. तिची प्रुफं एक्स्चेंजमध्ये तपासायला आली होती आणि ती आत्याकडे होती. चार हजार नंबर तिने तपासले आणि एकच चुकला. घड्याळजींच्या नावापुढे तिने स्वतःच्या घरचा नंबर लिहिला.

"असा कसा लिहिलास?"

"अगं, दिवसभर लोकांचे नंबर लिहायचे. मधेच घरची आठवण आली. आई आजारी होती तेव्हा. हाताने आपोआप तोच नंबर उमटवला आणि डोळ्यांना तो इतका ओळखीचा की चुकीचा वाटलाच नाही."

पुस्तक छापून घरोघरी गेलं. मग सात वर्षं घड्याळजींचे फोन आत्याकडे यायचे. कुणाचं लंबकाचं घड्याळ बंद पडलं, कुणाच्या मनगटी घड्याळाची काच फुटली. आत्या सगळं कागदावर लिहून घ्यायची आणि कामावर जाताना घड्याळजींच्या दुकानात टाकायची. चूक आपली, तर निस्तरायची पण आपणच. मला एकदम उत्सुकता वाटली. सात वर्षं, रोज दुकानात, आत्या, बिनलग्नाची.

"म्हणजे तुझं आणि घड्याळजींचं काही..."

"तो माझ्याहून वीस वर्षांनी मोठा होता आणि त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचा," आत्या म्हणाली. "पुढे ऐक."

घड्याळजी वारले, दुकान गेलं, घड्याळवाले फोन बंद झाले. त्याला पंधरा वर्षं होऊन गेली. आणि तीन आठवड्यांपूर्वी करसाहेबाचा पहिला फोन आला. त्याने घड्याळजींना विचारलं. पूर्ण नावाने. आत्याच्या नंबरावर घड्याळजी असतात असं जगात एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे.

"तुला कळलं का ठमे? त्यांच्याकडे हे पुस्तक आहे. रद्दीत मिळालं असेल नाहीतर कुणी कॉम्प्युटरमध्ये भरून दिलं असेल. पण हेच पुस्तक. माझं पुस्तक."

मग तिने घड्याळजींच्या पुढच्या नावाला फोन केला. त्यांच्याकडेही आला होता, अर्ध्या तासाने. त्याच्या पुढच्याकडेही. ते पुस्तकातल्या क्रमानेच चालले होते. पुस्तकातले निम्मे नंबर मेले आणि उरलेल्यांतली निम्मी माणसं, त्यामुळे एका पानाला त्यांना पाच-सहा दिवस लागत होते. ज्यांनी हा जुना फोन अजून ठेवलाय ते सगळे आत्यासारखेच, गुडघे धरून चालणारे. ती रोज त्यांच्या दोन पावलं पुढे राहून पुढच्या नावांना सावध करत होती. पानावर बारीक खुणा होत्या. बऱ्याच जणांनी ऐकून घेतलं, काहींनी शिव्या दिल्या, आणि एका रिटायर इंजिनिअरने तर तिलाच चोर ठरवून पोलिसात द्यायची धमकी दिली.

"आणि सकाळी त्या कर्जवालीशी का बोलत बसतेस?"

"घड्याळजींची बायको बोलते, भोळी आहे, आज ना उद्या देईल, असं त्यांना वाटतं. म्हणून रोज करतात. मी एकदा त्या मुलीला विचारलं, दिवसाला किती जण हो म्हणतात गं? तिच्या कागदावर याचं उत्तर नव्हतं. हळूच म्हणाली, दोन." आत्याने पेन्सिल खाली ठेवली. "ती जितका वेळ माझ्याशी बोलते, तितका वेळ दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. मी लाइन धरून ठेवते. दुसरं मला येतं काय?"

मला माझीच लाज वाटली. तीन दिवस मी हिच्या डोक्यातला ढिला स्क्रू शोधत होते आणि हिने तीन आवाजांवरून अख्खं ऑफिस डोळ्यांसमोर उभं केलं होतं.

आता दादाला सांगायला हवं होतं. तो रोज संध्याकाळी सातला माझ्या मोबाइलवर फोन करायचा आणि परीक्षेचा निकाल विचारल्यासारखं विचारायचा, "काय निष्कर्ष?" मी म्हटलं, दादा, तिचं डोकं आपल्या दोघांपेक्षा बरं आहे. तर म्हणाला, मग ती चोरांना आपण घड्याळजीची बायको आहोत असं का सांगते? वहिनीने ऐकलंय, मागच्या आठवड्यात तिच्याकडे गेली होती तेव्हा. मी डिरेक्टरीचं सगळं सांगायला लागले. त्याने दुसऱ्याच वाक्याला तोडलं. "ठमे, तू भाबडी आहेस. तिने सांगितलं आणि तुला पटलं." आणि मी, चौथीतली, गप्प बसले. हे मला स्वतःबद्दल अजिबात आवडत नाही, पण दादापुढे माझी जीभ टाळूला चिकटते. सहाव्या दिवशी त्याने सांगितलं, "रविवारी टेम्पो सांगितलाय. सामान बांधायला घे."

आत्या तेव्हा शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं, कान कसे आहेत ते मी सांगितलंच. उठून फोन फडक्याने पुसला, वायरसुद्धा पुसली, भिंतीपर्यंत. मग म्हणाली, "त्याला सोमवारीच सांगितलंय मी. तुझ्या बाबांचं नाव येईल पुढच्या पानावर, फोन आला तर बोलू नकोस. तर म्हणाला, बत्तीस वर्षं पोरांच्या थापा ऐकल्यात मी, मला कोण फसवणार."

"नाहीच फसवणार त्याला कुणी. चोरच रडत फोन ठेवेल."

"तसंच होवो," आत्या म्हणाली.

सातव्या दिवशी, गुरुवारी, साडेदहाला करसाहेबाचा फोन आला. या वेळी त्याने घड्याळजींना विचारलं नाही. त्याने आजोबांना विचारलं, आत्याच्या वडिलांना. फोन अजून त्यांच्याच नावावर आहे आणि त्यांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. म्हणजे ते आमच्या आडनावापर्यंत पोचले होते. तोच नंबर आपण महिनाभर फिरवतोय हे त्या शहाण्याला कळलंही नाही. ही माणसं ऐकत नाहीत, नुसतं वाचतात.

आत्याने त्याला बावीस मिनिटं धरून ठेवलं. वडील अंघोळीला गेलेत, आता कपडे घालतायत, आता चष्मा शोधतायत. मेलेल्या आजोबांना तिने इतकी कामं लावली की मला हसू आवरेना. शेवटी करसाहेब वैतागला आणि त्याने फोन ठेवला. आत्याचा हात वहीकडे गेला नाही. तिने लगेच दादाचा नंबर फिरवला. आमच्या आडनावात आजोबांनंतर पुढची ओळ बाबांची. बाबा गेल्यावरही दादाने तो फोन त्यांच्याच नावावर ठेवलाय, वर्षाचं बिल बाबांच्या नावाने येतं ते त्याला बरं वाटतं.

एंगेज.

"करत असेल कुणाला तरी," मी म्हटलं.

आत्याने घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी परत फिरवला. एंगेज. मी दादाच्या मोबाइलवर लावला, नुसता वाजत राहिला. वहिनीचा बंद, गुरुवारी ती बहिणीकडे जाते आणि मोबाइल चार्ज करायला विसरते. अकरा दहा, एंगेज. सव्वा अकरा, एंगेज. दादा फोनवर दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. त्याच्या मते दोन मिनिटांत जे सांगता येत नाही ते पत्राने कळवावं.

"ठमे, पळ," आत्या म्हणाली. ती स्वतः पायात बूट घालत होती.

दादाचं घर चालत पंधरा मिनिटं. मी धावतच गेले, वाटेत दोनदा दम खायला थांबले, पन्नाशीचं धावणं ते. दार नुसतं लोटलेलं होतं. दादा हॉलमध्ये फोनच्या टेबलाशी उभा होता. उभा. खुर्ची शेजारीच होती. इस्त्रीचा शर्ट घातलेला, रिसीव्हर कानाला, समोर बँकेचं पासबुक उघडं, त्याच्यावर कार्ड, आणि एक कागद त्याच्या सुरेख अक्षरांनी भरलेला. मोबाइल हातातच होता. बाबा गेले त्या दिवशीही त्याचा चेहरा असा दिसला नव्हता.

"दादा, ठेव तो फोन. ते चोर आहेत."

त्याने पंजा वर केला. वर्गात करायचा तसाच. मग घाईघाईने कागदावर लिहून माझ्यासमोर धरलं: बोलू नकोस. बाबांचं नाव.

तुकड्या तुकड्यांनी मला कळलं. बाबांनी जुनी मिळकत विकली त्याचा कर बुडवला, असं करसाहेब सांगत होता, आणि छत्तीस वर्षांपूर्वी विकलेलं घर दादाला स्वतःलाच आठवलं. बुडवणाऱ्यांची यादी उद्या ऑफिसच्या दारावर लागणार, बाबांचं नाव त्यात पहिलं. कुणाला कळू द्यायचं नसेल तर आत्ताच, फोन न ठेवता, गुपचूप मिटवा. आणि आमचे बाबा म्हणजे ते, ज्यांनी बसच्या कंडक्टरने चुकून जास्त दिलेले सुटे परत करायला डेपोपर्यंत चालत जावं. दादाने सगळं आयुष्य एकाच माणसाला घाबरून आणि एकाच माणसावर जीव टाकून काढलं, ते बाबा. त्याला स्वतःची अटक सांगितली असती तर त्याने चोराला सुनावलं असतं. त्याला बाबांची बदनामी सांगितली.

"हो साहेब," दादा म्हणत होता. साहेब. "कार्डाचा नंबर दिला. मोबाइलवर आकडा येईल तो सांगतो. येतोय. साहेब, यादीतून नाव जाईल ना?"

मी त्याचा हात धरला, त्याने झटकला. मी ओरडले, त्याने पाठ फिरवली. आयुष्यात पहिल्यांदा मी दादापुढे गप्प बसले नाही आणि काही उपयोग झाला नाही. मी रिसीव्हर ओढायला गेले तर त्याने कोपराने मला मागे सारलं, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेवढ्यात आत्या दारात आली. धापा टाकत होती, एका बुटाची नाडी सुटलेली. तिने कुणाला काही विचारलं नाही. सरळ टेबलाशी आली आणि हात पुढे केला, नुसता हात, आणि दादाने तिच्या हातात रिसीव्हर दिला. का दिला, ते त्यालाही सांगता येणार नाही. लहानपणी बाबांना असाच द्यायचो आम्ही.

आत्याने श्वास सारखा केला. मग मी कधी न ऐकलेल्या आवाजात, सपाट, स्वच्छ, एक अक्षर इकडचं तिकडे न होऊ देता, बोलली. "एक्स्चेंजमधून बोलतेय. आपली वेळ संपली आहे."

पलीकडून करसाहेब काहीतरी म्हणत होता. मलाही ऐकू आलं, वाक्य अर्ध्यावर होतं. आत्याने रिसीव्हर खाली ठेवला.

त्याच सेकंदाला मोबाइलवर आकडा आला, दादाच्या हातात, सहा आकडे. तो त्याकडे बघत राहिला. फोन परत वाजला. आत्याने उचलला आणि पुन्हा ठेवला. परत वाजला, परत ठेवला. तिसऱ्यांदा वाजला नाही.

दादा खाली बसला, एकदाचा. म्हणाला, "त्यांना बाबांचं पूर्ण नाव माहीत होतं, आत्या."

"पुस्तकात आहे ते," आत्या म्हणाली. "मीच तपासलं होतं. बरोबर आहे की नाही, तीनदा बघितलं होतं. माझ्या भावाचं नाव ते."

मग तिने दादाचाच कागद उलटा केला, त्याचं पेन घेतलं आणि वही जवळ नसल्यामुळे त्यावरच रकाने आखले. गुरुवार. करसाहेब. मागे पंखा. मिनिटं, अंदाजे बावन्न. लाइन कोणी तोडली, इथे तिचं पेन जरा थांबलं. तिने लिहिलं, मी.

दादाने तो कागद ओढून घेतला आणि वाचला. वरपासून खालपर्यंत, उत्तरपत्रिका वाचावी तसा. मी वाट बघत होते, आता काहीतरी चूक काढेल. त्याने कागद परत तिच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "बाबांच्या पुढची ओळ कुणाची आहे?"

"शिंपीणबाईंची. पलीकडच्या चौकात. एकटीच असते." नंबर तिने पुस्तक न बघता सांगितला.

दादाने स्वतः फिरवला. रिसीव्हर कानाला लावून ऐकलं, ठेवला, परत फिरवला. "एंगेज लागतोय," तो म्हणाला आणि उठून चपला घालायला लागला. मी त्याच्यामागे निघाले. दारातून तो वळला.

"आत्या," तो म्हणाला, "तू इथेच फोनपाशी बस. शिंपीणबाईंच्या पुढच्यांना लाव तोवर."